व्याघ्रवाणी, बार्ड, लेव्हल एकवीस

२४ जून २०१२, रविवार

आजपासून रोज अर्धा तास ऑनलाइन गेम. एक मिनिट जास्त नाही. तरुण पिढीवर बोलायचं तर तिच्या रणांगणात उतरलं पाहिजे. टीना (कन्या, दहावीत ८४ टक्के) आणि पुतण्या खुमेंद्र (गोंदियात इंजिनिअरिंग) वर्षभरापासून खेळतात. त्यांच्या चमूत मी तिसरा.

नाव घेतलं व्याघ्रवाणी. मग पाच चित्रं आली. त्यातून आपला वर्ग निवडायचा. चौथ्या चित्राखाली लिहिलं होतं, आवाज हेच त्याचं शस्त्र. जिल्ह्यात माझ्याबद्दल लोक हेच तर म्हणतात! वर्गाचं नाव बार्ड. टीना म्हणाली, बाबा, पुरतं वाचून घ्या न आधी. मी म्हटलं, दोन हजार पुस्तकं वाचलेला माणूस आहे मी, चार ओळींसाठी थांबू? ओके दाबलं. आणखी एक चौकट आली, नक्की का म्हणून विचारत होती. तिलाही ओके. निश्चयी माणसाला दोनदा विचारू नये.

जाता जाता नोंद: टीनाचा अकरावी सायन्सचा फॉर्म कॉलेजात दिला, ती डॉक्टर होणार म्हणून. ती भूगोलाचं काही तरी सांगत होती. तेवढ्यात पाहुणे आले.

२७ जून

पहिली लढाई. समोर लांडगा. मी पुढे सरसावलो. हातात तलवार नाही, तंतुवाद्य आहे! तार छेडली. लांडग्याला काही झालं नाही. टीनाच्या खांद्याची जखम मात्र भरली.

उरलेल्या तीन ओळी आज वाचल्या. बार्डनं सगळ्यांच्या मागे उभं राहायचं आणि वाजवून दुसऱ्यांच्या जखमा भरायच्या. तलवार उचलता येत नाही.

म्हणजे भाट! माळव्यातून आमचे पूर्वज आले तेव्हा वंशावळ गाणारे भाट सोबत होते. धारच्या राजांचं नाव सांगणाऱ्या बिसेनांच्या घरात तीनशे वर्षांनी मी स्वतःच भाट झालो.

उद्या बदलून घेतो. दोन मिनिटांचं काम.

१ जुलै, रविवार

खुमेंद्रला फोन. तो म्हणाला, काका, क्लास परमनंट राहते, चेंज नाही होत, नया कॅरेक्टर बनाके लेव्हल एकपासून सुरू करा. मी लेव्हल चौदावर आहे. चौदा लेव्हल सोडू? आणि हा प्रश्न माझ्या एकट्याचा राहिलेलाच नाही. पहिल्या दिवशी, अज्ञानात, एक बटन दाबलं म्हणून माणूस जन्मभर मागे उभा? पुस्तकांत ज्याच्याविरुद्ध वाचलं, व्यासपीठांवर ज्याच्याविरुद्ध वीस वर्षं बोललो, ती जातव्यवस्थाच इथं नव्या कपड्यांत उभी आहे.

मी गप्प बसणार नाही. (अर्धा तास आज पावणेतीन तास झाला. अपवाद.)

५ जुलै

गेमच्या चॅटमध्ये जाहीर भाषण केलं. रोमन लिपीत मराठी टाइप केलं. भावना पोचते. आम्ही नऊ जण होतो, त्यात तिघे फिलिपिन्सचे. विषय: निवड एकदाच का? सात मुद्दे होते, चौथ्यावर होतो तेव्हा सगळे मेले. समोर एक दगडी राक्षस होता म्हणे. कुणी तरी एकोणीस वेळा ‘हील, हील’ असं लिहिलं होतं (म्हणजे जखमा भर, हे नंतर कळलं). मला वाटलं पाठिंबा.

टीना पलीकडच्या खोलीतून ओरडली, बाबा, भाषण नंतर द्या जी, आधी मले जिवंत करा!

समाज आपल्या विचारवंतांकडे असाच बघतो.

९ जुलै

कंपनीला निवेदन लिहिलं. कंपनी कोरियात आहे. अकरा पानं, मराठीत. त्यातलं एक वाक्य इथं उतरवून ठेवतो, कारण ते मलाच फार आवडलं: ‘जी निवड न कळत्या वयात झाली, ती कळत्या वयात बदलता आली पाहिजे, नाही तर ती निवड नव्हे, कैद आहे.’

इंग्रजी करायला टीनाकडे दिलं. तिनं तीन ओळींत केलं. अकरा पानांचा अर्क तीन ओळींत येत नसतो, हे तिला समजावलं. तिनं त्या वाक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, बाबा, मलेबी हेच म्हणायचं आहे. सायन्स सोडून आर्ट्स घ्यायचं, भूगोल घ्यायचा. चौदा ऑगस्टपर्यंत बदलून देते कॉलेज.

मी तिला फरक समजावून सांगितला. गेम म्हणजे गेम. जीवन म्हणजे जीवन. गेममध्ये माणूस चुकीचा वर्ग निवडतो. इथं तिचा वर्ग मी निवडला आहे, त्यामुळे चुकीचा असण्याचा प्रश्न येत नाही.

तिनं ऐकून घेतलं. पटलं असावं.

१० जुलै

सकाळी रुख्मा (सौ.) चहा ठेवता ठेवता म्हणाली, अजी, तुमी सोताच बारावी सायन्समंदी दोनदा नापास होऊन आर्ट्सले आले न? मग पोरीले कायले दाबून राहिले?

ते वेगळं आहे. मी सायन्स सोडलं नव्हतं. सायन्स मला समजून घेऊ शकलं नाही. शिवाय तेव्हा वडील होते, त्यांनी चिडून का होईना, पण सही केली होती.

चहात साखर नव्हती.

१८ जुलै

टीनाला चाचणी परीक्षेत फिजिक्समध्ये पंचवीसपैकी चार. सुरुवात आहे. मोठ्या डॉक्टरांनाही सुरुवातीला कमीच पडत असतील.

शेतात धानाची रोवणी चालू. रुख्मा सकाळपासून तिकडेच. टीनानं आमच्या बांध्यांचा (धानाच्या खाचरांचा) नकाशा काढून मजुरांना दिला: पाणी कुठून येतं, कोणत्या बांधीत कोणतं वाण, पऱ्हे, म्हणजे रोपं, कुठून उचलायचे. रुख्मा सांगत होती, दरसालची कावकाव औंदा झालीच नाही, बाया कागद पाहून आपापल्या बांधीत उतरल्या. शेजारच्या देवकाबाईनं तिच्या शेतासाठीही एक मागून नेला.

नकाशा सुबक आहे, मान्य. पण डॉक्टरला नकाशाचा काय उपयोग?

संकल्प: गेम आठवड्यातून दोनच दिवस. आज बुधवार, तो त्यात धरलेला नाही.

२६ जुलै

कंपनीचं उत्तर आलं. आभारी आहोत, तुमची निवडच तुम्हाला वेगळं बनवते. खाली हसरा चेहरा. बस्स. हे यंत्रानं लिहिलेलं आहे, माझी अकरा पानं ज्यानं वाचली तो माणूस असं लिहूच शकत नाही.

निषेध म्हणून आजच्या लढाईत वाद्य वाजवलं नाही. टीना पुढे एकटी लढत होती. ती पडली. खुमेंद्र पडला. मी शेवटपर्यंत उभा होतो, कारण माझ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही.

नंतर टीना खोलीत आली. चिडली असेल असं वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, बाबा, तुमाले मागे उभं राहाचं नाही आवडत, नाही का? मलेबी त्या लॅबमंदी तसंच होते. रोज होते.

सडकेवरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

२ ऑगस्ट

बारा तारखेला समाज भवनात गुणवंतांचा सत्कार. प्रमुख वक्ता मी. दरवर्षीची रीत: प्रत्येक मुलानं माईकवर येऊन पुढे काय होणार ते सांगायचं, आणि तेच स्मरणिकेत फोटोखाली छापलेलं असतं. एकदा छापलं की समाज विसरत नाही. नंदलालच्या फोटोखाली ‘भावी कलेक्टर’ छापलं होतं. तो हायवेवर ढाबा चालवतो, आणि अजूनही ट्रकवाले त्याला कलेक्टरसाब म्हणूनच चहा मागतात.

सचिव केवलरामजी टेंभरे टीनाचा मजकूर न्यायला आले. मी सांगितलं, भावी डॉक्टर. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, पोरीले विचारलं का, गुरुजी? मी म्हटलं, केवलरामजी, वडिलांना विचारलंत ना, मग झालं.

टीना दाराशी होती. रात्री जेवली नाही. माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवलेला सापडला: शाखा बदल, पालकाची सही. मी त्यावर शब्दकोश ठेवला. वारा फार होता.

९ ऑगस्ट

शब्दकोशाखालचा अर्ज दिसत नाही. टीनानं नाद सोडला. मी एक शब्द न बोलता जिंकलो. माझ्या बाबतीत हे दुर्मीळ आहे, म्हणून नोंद.

११ ऑगस्ट

टीना दोन दिवसांपासून आनंदात आहे. वेळेच्या आधी कॉलेजला जाते. संध्याकाळी नकाशे रंगवते. शरीरातल्या रक्तवाहिन्यांचेही नकाशेच असतात, तयारी त्याचीच असणार. रुख्माही हसून बोलते. घरात एक विचार रुजला की असं होतं.

उद्याचं भाषण तयार. विषय: शिस्त.

१२ ऑगस्ट, रविवार, रात्री

जसं घडलं तसं लिहितो.

भवन भरलेलं. टीनाचं नाव पुकारलं. केवलरामजींनी स्मरणिकेतून वाचलं, भावी डॉक्टर. टाळ्या. टीना माईकजवळ गेली आणि म्हणाली, नाही जी, ते चुकून छापलं गेलं. मी नकाशे बनवणार आहे.

टाळ्या थांबल्या. चारशे माना माझ्याकडे वळल्या. मागून कुणी तरी म्हणालं, आता बिसेन गुरुजी फुटते!

मी उठलो. शिस्तीवर बोलणार होतो, आईशपथ. कागद हातात होता. पण माईक समोर आला आणि तोंडातून निघालं, जी निवड न कळत्या वयात झाली, ती कळत्या वयात बदलता आली पाहिजे. महिनाभर तेच वाक्य घोळत होतं, ते पुढे घुसलं. मग मला आवरता येईना. सगळी अकरा पानं बोललो. खेळाडूच्या जागी विद्यार्थी येत गेला, कंपनीच्या जागी बाप. माणसाला जन्मभर मागे उभं करणारे तुम्ही कोण, असं बापांना विचारलं. केवलरामजींनी ‘वेळ संपली’ची चिठ्ठी दोनदा पाठवली. बाया रडत होत्या. एक बाप उठून बाहेर गेला, दुसऱ्यानं तिथल्या तिथं पोराच्या पाठीवर हात ठेवला.

अशा क्षणी वक्त्याला शब्दावर थांबता येत नाही. मी गर्जलो, टीना, आण तो अर्ज! या समाजासमोर सही करतो!

टीना गोंधळली. आईकडे बघितलं. रुख्मानं पदर तोंडाला लावला, गहिवरली असावी. टीना म्हणाली, बाबा, तो तर... मी म्हटलं, आण! मग तिनं दप्तरातून एक कागद काढला. मी वाचत बसलो नाही. विश्वास वाचून ठेवायचा नसतो. सही केली, आणि जिथं जिथं रिकामा चौकोन दिसला तिथं बरोबरची खूण केली. कागद उंच धरला. अशा टाळ्या मला आजवर मिळालेल्या नाहीत.

टीना रडली नाही. हसत होती. माझा हात धरून उभी राहिली, दहावीच्या निकालालाही धरला नव्हता इतका घट्ट. पंख्याची धूळ डोळ्यात गेली.

कागद तिच्याकडे दिला नाही. ती म्हणत होती, मी देते न उद्या. पण असे कागद बापानं स्वतः पोचवायचे असतात.

१३ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजात गेलो. नवा सदरा. क्लार्क सुलोचनाबाई. त्यांना थोडी प्रस्तावना करून सांगितलं की एक बाप आपली चूक दुरुस्त करायला आला आहे.

त्या म्हणाल्या, कोणती चूक जी? तुमची टीना गुरुवारपासूनच आर्ट्समंदी बसून राहिली. अर्ज मंजूर होऊन गेला. तिच्या आईची सही होती.

मी म्हटलं, पालकाची सही लागते.

त्या म्हणाल्या, मग आई कोण असते, गुरुजी?

मी खिशातला कागद काढून पुढे केला. विचारलं, मग मी चारशे लोकांपुढे कशावर सही केली? त्यांनी कागद उलगडला, वाचला, आणि पहिल्यांदाच खुश झाल्या. भूगोलाची सहल, दिवाळीआधी, कचारगडच्या गुहा, संमतिपत्र. आणि खाली पालक स्वयंसेवकाच्या चौकोनातही खूण! बरं झालं जी, म्हणाल्या, एक पालक कमीच पडत होता, कोणी तयारच होत नव्हतं. शिक्का मारला. रजिस्टरमध्ये नाव चढवलं.

मी म्हटलं, ही खूण चुकून झाली, बदलून द्या.

म्हणाल्या, आता नाही बदलत जी. शिक्का पडून गेला.

कामाची चिठ्ठी दिली, ती इथं चिकटवतो. प्रथमोपचाराची पेटी सांभाळणे. रांगेत सर्वांच्या मागे चालणे. गुहेत मोठ्याने बोलू नये, मधमाश्या उठतात.