सटवाईपुढचा फॉर्म

खर्डा, ८ ऑक्टोबर १९७३

प्रिय रेबेका,

तुझा छापील निबंध पोहोचला. कागद गुळगुळीत आहे, इथं असा फक्त लग्नपत्रिकेला मिळतो. शेवटी बारीक अक्षरात तू 'स्थानिक परिचारिकेचे' आभार मानलेस. ती मीच ना? नगरला नर्सिंग शिकताना एका ताटात जेवायचो, तेव्हा मला दीना असं नाव होतं.

दिल्लीत सत्कार झाला, आता परदेशात शिकवायला बोलावलंय म्हणे. बोलावणारच, डोकं तुझंच. दाया विळ्यानं नाळ कापतात आणि बाळाला धनुर्वात होतो, हे आम्हा सगळ्या नर्सांना ठाऊक होतं. पण ते सिद्ध करायला नऊ गावांतल्या दायांना उकळलेली ब्लेडं द्यायची आणि नऊ गावांत विळाच राहू द्यायचा, हे तुलाच सुचलं. माझ्या वाट्याला विळ्याची गावं आली. काम सोपं होतं. कुणाला काही द्यायचं नाही, मेलेलं मूल तेवढं तुझ्या छापील फॉर्मवर लिहून घ्यायचं.

मालनबाई आठवते? पाहणीला आलीस तेव्हा तीन आठवडे तिनंच तुला जेवू घातलं. तुझं पोट नाजूक, म्हणून बिनतिखटाची आमटी वेगळी करायची. तिचे दिवस भरत आले तशी मी तुला कार्ड टाकलं, हिला तरी ब्लेड देऊ का? तुझं उत्तर आलं, 'भावनेच्या भरात आकडे बिघडवू नकोस.' मी ऐकलं. निबंधावर मलाही नाव हवं होतं, खोटं कशाला बोलू?

मुलगा झाला. छबूबाई दाईनं विळा चालवला, वर राख दाबली. मी उंबऱ्यात बसून होते, पिशवीत ब्लेड होतं. पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद ठेवतात, ती बाळाचं नशीब लिहून जाते. मालनच्या घरात कागद कुठला? छबूबाईनं तुझा फॉर्म ठेवला. म्हणाली, "छापील कागद हाय, सटवाई जपून लिव्हंल." सातव्या दिवशी बाळाचा जबडा मिटला, नवव्या दिवशी आटोपलं. तुझ्या तक्त्यातला शेवटचा, चौदावा मृत्यू, जो मी नुसता कार्डावर कळवला, तो हा. छबूबाईनं फॉर्म परत आणून दिला नि विचारलं, "नर्सबाई, पल्याडच्या गावाला पत्ती दिली म्हनं. आमच्या लेकरांनी काय घोडं मारलं हुतं?" मी म्हटलं, सटवाईची मर्जी. बिचारी सटवाई! ती निदान बाळ जन्मायची वाट पाहते. तू गावांची यादी आधीच करून ठेवली होतीस.

आता लिहितेस, परदेशातल्यांना दुसऱ्या वर्षाचेही आकडे हवेत, महिनाअखेर पाठव. त्यासाठीच हे पत्र. मालनचं बाळ पुरलं त्याच संध्याकाळी मी ब्लेड उकळून छबूबाईच्या हातात दिलं. मग बाकीच्या आठ गावांतही दिली. 'तुलना चालू आहे' अशी कार्डं तुला धाडत राहिले, ती सगळी खोटी. वर्षभरात त्रेसष्ट बाळंतपणं झाली, धनुर्वात एकालाही नाही. तुझी विळ्याची गावं उरलीच नाहीत गं, आता तुलना कशाशी करशील? सोबत मालनच्या बाळाचा फॉर्म जोडलाय. सटवाईनं कोराच ठेवलाय. तू भर, तुला सवय आहे.

तुझीच,
स्थानिक परिचारिका