गालावरची बोटं

सक्करदरा, नागपूर
ता. ९ जानेवारी १९८४

चि. गिरिधरास गोपिकाताईचे अनेक आशीर्वाद.

तू तिकडं दिल्लीले उंदरांचे मेंदू तपासून राहिला, म्हणून तुलेच विचारते. तुझ्या भाऊजींचा उजवा हात आरा मशीनवर कोपरापासून गेला, त्याले चार महिने झाले. दाढी मीच करून देते. तर गालाले वस्तरा लागला की हे म्हणतात, अंगठ्याले गुदगुल्या होतात. कोणता अंगठा गा? नसलेला! कामावर जायचं टाळायले नाटक आहे, नाहीतर डोकं फिरलं. यायचे थोरले भाऊ भैय्याजी तेवीस तारखेले पागलखान्यात नेतो म्हणतात. खरं काय ते लवकर कळव.

तुझी ताई

दिल्ली
१३ जानेवारी १९८४

ती. गोपिकाताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तू लहानपणापासूनच शंकेखोर! पण या वेळी घाई करू नकोस. मेंदूत हाताची आणि चेहऱ्याची जागा शेजारीशेजारी असते. हाताकडून खबर येईनाशी झाली की शेजारच्या चेहऱ्याच्या पेशी त्या मोकळ्या जागेत नव्या फांद्या धाडत असाव्यात; मग गालाला लागलेलं हाताला लागल्यासारखं वाटतं. त्याला नवी प्रथिने लागतात. ती औषधाने अडवली, तर आमच्या उंदरांत जोडणी होतच नाही. मोठ्या वयात असं घडतं, यावर आमच्या सरांचा विश्वास नाही. मलाही माझ्याच नोंदींची शंका येते.

म्हणून परीक्षा घे. भाऊजींचे डोळे बांधून गालावर दहा जागी चमचा टेकव. कोणतं बोट म्हणतात ते लिही, कागद लपव. चार दिवसांनी पुन्हा तसंच कर. थापाड्याला एवढं आठवत नाही. तोवर त्यांना कुठे नेऊ देऊ नकोस.

लोभ वाढव, शंका कमी कर.

तुझा गिरिधर

सक्करदरा, नागपूर
ता. २३ जानेवारी १९८४

चि. गिरिधरास आशीर्वाद.

दोन्ही कागद जुळले, दहापैकी नऊ. मधेच कपाळाले चमचा लावून फसवून पाहिलं, तर म्हणाले कपाळ. भैय्याजी म्हणाले की बायकोनंच पढवलं असेल. मी चमचा त्यायच्याच हाती दिला. तरी जुळलं! तोंड एवढंसं झालं त्यायचं. आज सकाळी आलेला रिक्षा त्यायनंच परत धाडला.

आता खरं ऐक. पागलखान्याचं भैय्याजींच्या मनात नव्हतंच गा. मीच त्यायच्यापाशी जाऊन रडली होती, की यायले न्या, मले भेव वाटते. तुले लिहाची लाज वाटली, म्हणून त्यायचं नाव पुढं केलं.

आज तुझ्या भाऊजींले सांगून टाकलं. रागावले नाहीत. म्हणाले की मले माहीत होतं. मग माझा डावा हात ओढून गालावर ठेवला, आन् म्हणाले की जरा दाबून धर, उजव्या हाताची बोटं गार पडली.

हात अजून तिथंच आहे, म्हणून कागद हालते. अक्षर सांभाळून घे, माया असू दे.

तुझी ताई