बंद दाराचा फोटो

४ फेब्रुवारी
एकोणचाळीस फोटो झाले, एका कवितेला एक! धुकं, डोंगर, रिकामी होडी, पुलावरचा म्हातारा – सगळे काळे-पांढरे, सगळे मनासारखे. राहिली एकच कविता, ताईच्या वहीतली सतरावी. हजार वर्षांपूर्वीचा कुणी चिनी माणूस डोंगर चढून मित्राकडे जातो, तर मित्र घरी नाही. ताईनं मराठीत केलंय – ‘दार बंद. पायरी झाडलेली. भिंतीला झाडू टेकलेला. म्हणजे मी येणार, हे तुला ठाऊक होतं.’
दार कुणाचं हवं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

५ फेब्रुवारी
प्रकाशकबाईंचा फोन. ‘अनुवाद तुमच्या ताईंचा ना? मग त्यांची लेखी संमती आणा. त्याशिवाय पुस्तक छापायला घेणार नाही.’ आणते म्हटलं. तोंड वर करून! सहा वर्षं ताईशी एक शब्द बोललेली नाही मी.
पहिल्या प्रदर्शनात तिच्या ओळी भिंतभर लावल्या आणि खाली नाव फक्त माझं. ‘घाईत राहून गेलं गं.’ ‘राहून नाही गेलं. तू राहू दिलंस.’ ताई खरं बोलली होती. तेच झोंबलं.
पुस्तक होणार म्हणजे होणारच. आधी फोटो. संमतीचं मागाहून बघू.

९ फेब्रुवारी
ताई अकराला शिकवायला जाते, चारला परतते. म्हणून बाराला गेले. दार हवंय, भेट नको! दाराला कुलूप, समोर दोरीवर चादरी, कोपऱ्यात फुटकी बादली. अख्खा रोल फुकट. शेजारच्या काकूंनी हटकलंच – ‘फोटो कशाला गं काढतेस? ताईला सांगू का?’ नको म्हटलं. म्हणजे सांगणारच.

१३ फेब्रुवारी
चादरी नव्हत्या. पण आभाळ भरलेलं, सावलीचा पत्ता नाही. घरचा झाडू नेऊन ठेवावा का? छे! एकोणचाळीस फोटोंत इकडची काडी तिकडे केली नाही. आता लबाडी नको.

१४ फेब्रुवारी
परत जाणार. मी काही नाक घासायला जात नाहीये. फोटो काढायला जातेय!
हे सांगतेय कुणाला?

१७ फेब्रुवारी
लख्ख ऊन. बादलीही हललेली – नशीब! घरी येऊन रोल धुतला, प्रिंट काढली. काळा दाट, पांढरा स्वच्छ, एक रेघ वाकडी नाही. आणि फोटो? ‘घर विकणे आहे’च्या जाहिरातीतला! कुणी कुणाची वाट पाहतंय असं काही दिसतच नाही त्यात. दिसणार कुठून? घरी कुणी नाही अशीच वेळ साधून जाते मी.
तरी पुन्हा जाईन. दहा वेळा जाईन.

२० फेब्रुवारी
बाराला पोचले. पायरी नुकती झाडलेली, धूळ अजून उन्हात तरंगत होती. भिंतीला झाडू टेकलेला. दाराला कुलूप नव्हतं.
कॅमेरा पिशवीत घातला आणि बेल वाजवली.