वरच्या गावाचे संडास

३ मार्च
फरहूदने सही केली नाही. तासभर बसवून ठेवलं, दोनदा कॉफी पाजली, बायकोकडून खजुराची बिस्किटं आणवली, आणि शेवटी म्हणाला, "मास्तरीणबाई, आमच्या गावातले संडास तुमच्या स्वयंपाकघरांपेक्षा स्वच्छ आहेत."

उतारावरून खाली येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं. काय दिवस आलेत! वरच्या ऐन-हूरशी आमचं खालचं ऐन-हूर आजोबांच्या काळापासून धड बोलत नाही. आणि त्यांना सरकारी पैशातून नव्या बंदिस्त सेप्टिक टाक्या मिळाव्यात म्हणून मी त्यांच्या सरपंचाची मनधरणी करतेय! पण पाणी निधीचा नियमच तसा — घाण जिथून येते तिथे खर्च, आणि अर्जावर दोन्ही गावांच्या सरपंचांच्या सह्या. घाण येते वरून. डोंगरात मुरते, आमच्या झऱ्यातून निघते. हे शेंबडं पोरही सांगेल.

लमीस अजून इस्पितळातच. माझ्या भाचीचा, हैफाचा फोन आला — तिच्या पोरीचे डोळे पिवळेधमक, काही खात नाही. या हिवाळ्यात गावातली ही कितवी कावीळ, मोजायचं सोडून दिलंय.

६ मार्च
गत्तासची सही मिळाली. ती मिळणारच होती, धाकटा भाऊ आहे माझा. तोच खालच्या गावाचा सरपंच, तोच झऱ्याकाठच्या रेस्तराँचा मालक, आणि तोच हैफाचा बाप, म्हणजे लमीसचा आजोबा. यातला कोण सही करतोय तेवढं कळलं नाही. सही करता करता म्हणाला, "ताई, जाऊ दे ना, बाटल्यांचं पाणी आणू. गिऱ्हाइकांना कळता कामा नये, सीझन तोंडावर आलाय."

१२ मार्च
बैरूत. निधीचं कार्यालय.

निम्मं अनुदान मिळतं, निम्मं कर्ज. अनुदानासाठी दाखवायचं की गावाकडे दमडी नाही. कर्जासाठी दाखवायचं की गाव ते आरामात फेडेल. दोन्ही कागद एकाच फाइलीत, एकाच वेळी. मी साहेबांना विचारलं, मग आम्ही नक्की कोण? त्यांनी चष्मा पुसला, मनापासून विचार केला आणि सांगितलं, "पहिल्या भागात गरीब व्हा, मादाम. दुसऱ्या भागात होतकरू." चेष्टा करत नव्हते. वर म्हणाले की बहुतेक गावं उलट लिहितात आणि मग वर्ष वाया जातं.

१३ मार्च
तसंच लिहिलं. इतकी वर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतले, त्याचं सार्थक झालं.

२१ मार्च
लमीस घरी आली. ओळखू येत नाही. हैफाने खिडकीपाशी गादी घातलीय, पोरगी तिथून अंगणातल्या मांजरीकडे बघत पडते. हाक मारली की मान वळवते, पण हसत नाही.

मी तिथे बसलेली असतानाच फरहूद आला. हो, फरहूद! खालच्या गावात, पायी, हातात घट्ट दह्याची बरणी. हैफा इतकी गोंधळली की त्याला बसा म्हणायचंही विसरली. तो आपणच गादीजवळ जमिनीवर टेकला. लमीसला मांजरीचं नाव विचारलं. तिने सांगितलं. अर्जाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

दाराशी मी पोचवायला गेले तेव्हा म्हणाला, "सही करतो. पण त्यात 'घाण' शब्द आहे तो काढ."

मी म्हटलं, मग काय लिहू? अत्तर? त्यावरून फाटकाशी उभे राहून आम्ही भांडलो, शेजारणी गच्चीवर आल्या. शेवटी 'वरच्या भागातले वापरलेले पाणी' यावर तोडगा निघाला. जाता जाता वळून म्हणाला, "कुठे वापरलेलं ते मात्र लिहू नकोस."

२२ मार्च
सही. मोठी, फुलाफुलांची, अर्धं पान खाणारी.

९ एप्रिल
निधीने पाहणीला मुलगी पाठवली. नाव रिंदाला, भूजलाची इंजिनिअर, पायात डोंगर चढायचे बूट, बोलणं मोजकं. तिच्याकडे रंगाची भुकटी आहे. पाण्यात कालवून वरच्या संडासांत ओतायची, मग खाली झऱ्यात रंग उतरतो का बघायचं. उतरला की पुरावा. माणसाला अपाय नाही म्हणे.

वर गेलो तर अख्खं गाव दारात! कोणीतरी उठवलं होतं की ज्याच्या घरी रंग ओतला जाईल त्यालाच नवा संडास फुकट. म्हाताऱ्या रिंदालाचा हात धरून ओढत होत्या, आमच्याकडे ओत, आमच्याकडे फार वाईट आहे. मार्चात ज्यांचे संडास स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होते तीच ही माणसं. फरहूदने कोकरू कापलं. जेवताना माझ्या ताटात पहिला तुकडा त्याने वाढला. मी खाल्ला. चांगला होता.

१० एप्रिल
झरा स्वच्छ.

१२ एप्रिल
स्वच्छ. गत्तासची गिऱ्हाइकं त्यात टरबूज गार करत ठेवतात.

१६ एप्रिल
अजून काही नाही. रिंदालाने आज मला आणि फरहूदला बोलावून सांगितलं — वरच्या गावाचं पाणी बहुधा डोंगराच्या पलीकडच्या दरीत उतरतं. तुमच्या झऱ्याशी त्याचा संबंध दिसत नाही. रंग नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर फाइल बंद.

फरहूद अक्षरशः गयावया करायला लागला. "पोरी, नीट बघ. आमचीच घाण आहे. मी लिहून देतो." घाण हा शब्द त्याने स्वतःहून उच्चारला! आणि मीही त्याच्या बाजूने बोलत सुटले, त्यांचीच आहे, अहो आम्ही लहानपणापासून ओळखतो. दोन्ही ऐन-हूरांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. रिंदाला आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

जाताना म्हणाली, झऱ्यालगतची खालची घरंही एकदा तपासावी लागतील. नियम आहे.

१७ एप्रिल
झऱ्याच्या अगदी वर माझंच घर, म्हणून सुरुवात माझ्यापासून. मला हसू आलं. आमचा खड्डा माझ्या नवऱ्याने, बुत्रुसने स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, जाड सिमेंटचा. तिलाही तेच सांगितलं. तिने मान डोलावली आणि भुकटी कालवली; वर लाल ओतली होती, इथे हिरवी, म्हणजे घोटाळा नको. म्हटलं, आण इकडे, मीच ओतते. ओतली, पाणी सोडलं, हात धुतले, तिला कॉफी दिली. उद्या दहाला येते म्हणाली, झरा बघून मग पुढची घरं घेऊ.

संध्याकाळी फरहूदचा फोन. काही नाही, लमीस कशी आहे विचारत होता. म्हटलं, आज उठून बसली, मांजरीला भरवलं. त्याला खरंच बरं वाटलं असावं. म्हणाला, फाइल बंद झाली तरी एखादी दुसरी योजना असेल, आपण मिळून शोधू. आपण!

१८ एप्रिल
झरा हिरवा. तोंडापासून रेस्तराँच्या टेबलांपर्यंत, पोपटी हिरवा.

मी पोचले तेव्हा गत्तास काठाशी एकटाच उभा होता. हळू आवाजात म्हणाला, "ताई, ती यायच्या आत वाहून जाईल. कोणी पाहिलेलं नाही." मी तिथूनच रिंदालाला फोन लावला.

हैफा दुपारी लमीसला घेऊन माझ्याकडे जेवायला येतेय. तिला अजून माहीत नाही.