निघेना तो हातमोजा

कुल्दिगा, लाटव्हिया

प्रिय वेल्ताताई,

डब्लिनहून तू धाडलेल्या बांबूच्या सुया पोचल्या. आमच्या दाइगाने लगेच आपल्या बाबांनी सायकलच्या पोलादी तारा घासून केलेल्या सुया बाजूला टाकल्या आणि होणाऱ्या सासूचा लोकरी हातमोजा तुझ्या सुयांवर विणायला घेतला. मी म्हटलं, "बाई, तुझा हात घट्ट. तुला गुळगुळीत पोलादच हवं. बांबूवर टाके सरकत नाहीत, वीण आणखी आवळते; ते ढिल्या हाताच्या बायकांना."

"मावशीने प्रेमाने पाठवल्यात, आई," म्हणाली.

रविवारी प्रार्थना आटोपून तिची होणारी सासू झेन्ताबाई आल्या. हे लग्न त्यांना पसंत नव्हतं. आपल्या गावची रीत तू विसरली नसशील. सासूने मोजा घालून बघायचा. काढून टेबलावर ठेवला तर नकार, घेऊन गेली तर होकार.

बाईंनी ओठ आवळून मोजा कसाबसा चढवला, उलटसुलट पाहिला आणि काढायला गेल्या. निघेना. दाइगाने ओढला, मी साबणाचं गरम पाणी आणलं.

"पाणी नको, आणखी आटेल," त्या खेकसल्या. मग डाव्या हाताने कॉफी प्यायल्या.

मी मनात देवाचा धावा करत होते. निघताना त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "तुमची पोर धरलेलं सोडत नाही, विहीणबाई. आमचा ग्वीदो सगळं सांडत फिरतो. पाद्रीबाबांना तारीख विचारा."

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. माझ्या सुयांनी लग्न जमवलं, असं तू वऱ्हाडभर सांगत सुटशील, आणि मला नाही म्हणता येणार नाही.

तुझी धाकटी,
स्काइद्रीते