गुरूवरचा माझा डाग

रविवार, २५ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत, तूही असशीलच. परसातल्या दुर्बिणीची खरी किंमत आज मोजली. पेरूचं झाड गेलं, तुझ्या वहिनीची कपडे वाळत घालायची दोरी गेली, माझी कंबर गेली. चौथं काय गेलं ते वहिनी रोज बोलून दाखवते. मी लिहीत नाही.

आपल्या ग्रहप्रेमी मंडळाचं म्हणशील, तर तोच पोरकटपणा. परवा सचिव दुर्बिणीचं झाकण न काढताच "आकाश ढगाळ आहे" म्हणाले, आणि चौघांनी माना डोलावल्या! असल्यांपुढे मी गुरूचा फोटो ठेवला, म्हणजे गाढवापुढे गीता. व्हिडिओ घ्यायचा, त्यातली ढीगभर चित्रं चाळायची, हललेली फेकायची, उरलेली एकावर एक चढवायची. एवढे कष्ट यांच्या सात पिढ्यांनी केले नसतील. आणि गाडीच्या वायपरच्या मोटरवर फिरणारी, मी स्वतः बनवलेली दुर्बिणीची बैठक! ग्रहाला चौकटीत तसूभर सरकू देत नाही. म्हणून तर जगात कुणालाही न दिसलेला तो काळा डाग मला सापडला. फोटो मोठा करून गॅरेजच्या काउंटरमागे लावलाय. गिऱ्हाईक ऑइल बदलायला येतं आणि गुरू बघून जातं.

तुझंही चुकलंच. त्या संध्याकाळी परसात सगळं मंडळ जमलेलं असताना विचारायची काय गरज होती, "दादा, गुरू दहा तासांत गिरकी घेतो, मग तुझा डाग रोज जागच्या जागी कसा? कॅमेऱ्यात धूळ असेल, बघ"? चष्म्याचं दुकान काढलं म्हणून थोरल्या भावाचे डोळे तपासायचे?

मग मीही म्हणालो, "चष्मेवाल्याने गिऱ्हाइकाच्या नाकापलीकडे बघू नये." सगळे हसले, सचिव सगळ्यात मोठ्याने. माझे कान तिखट. त्या गलक्यातही फाटकाची कडी वाजलेली मला ऐकू आली. तुझं वाढलेलं ताट तसंच राहिलं. त्यानंतर तू आला नाहीस, मी बोलावलं नाही.

वहिनी म्हणते, "भावाला बोलवा, नाहीतर त्या नळीशीच गप्पा मारत बसा जन्मभर."

तर बोलावतोय. जेवायलाच ये. येताना दुकानात काच साफ करायचं जे काही असतं ते घेऊन ये. का, म्हणून विचारल्याशिवाय तू राहणार नाहीस.

काल कॅमेरा चंद्राकडे वळवला. डाग तिथेही आहे. त्याच जागी.

तुझाच,
दादा