उलट्या आवाजाची पेटी

१८ एप्रिल १९६३, अमरावती
आजपासून सर्किट हाउसची ड्यूटी. लष्कराचे एक मोठे साहेब उन्हाळाभर मुक्कामाला आहेत. त्यांच्या खोलीतून छावणीपर्यंत खास लाइन टाकली आहे, ती मी सांभाळायची. सुपरवायझर खुशालराव म्हणाले, तुम्ही कमी बोलता म्हणून तुमचं नाव दिलं.

माझा मुलगा देवमन चीनच्या लढाईत नेफात बेपत्ता झाल्याची तार डिसेंबरात आली. साध्या दराची होती. इतकी वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, कोणता निरोप कशानं जातो ते मला कळतं. मुलाची खरी खबर साध्या तारेनं येत नाही. ती अशाच लाइनवरून जात असणार.

ठरवलं: कोणाला काही विचारायचं नाही. काम इतकं चोख करायचं की साहेबच माझी चौकशी करतील.

२१ एप्रिल
साहेबांनी चौकशी केली. पंखा कुरकुरतो, तो कोण बघेल, अशी. तो माझा विषय नाही, पण तेल घातलं.

लाइनवर एक पेटी बसवली आहे. लष्कराच्या सिग्नल्स तुकडीचे हवालदार नत्थुजी तिच्याबरोबर आले आहेत, मूळचे अकोटचे. किल्ली फिरवली की बोलणं उलटंपालटं होऊन तारेत जातं. छावणीत तशीच दुसरी पेटी आहे, ती सरळ करते. मध्ये कोणी ऐकलं तरी उपयोग नाही. माझ्या टेस्ट सेटवर ऐकून पाहिलं. टोपल्याखाली कोंबड्या कोंडाव्या तसा आवाज. नत्थुजी हसून म्हणाले, "पाच वर्सं झाले, ऐकून राहिलो. अजून एक अक्षर नाई समजलं."

त्यांचं शिक्षण चौथी. माझं मॅट्रिक. आठवडाभरात जमेल.

२४ एप्रिल
व्याही पुंजाजी भातकुलीहून आले. भागीरथाला घेऊन जातो म्हणाले. बडनेऱ्याला रेल्वेत एक फायरमन आहे, बायको वारली, मूलबाळ नाही, माणूस चांगला आहे. वैशाखातच उरकतो म्हणाले. मी सांगितलं, खबर येईपर्यंत सून कुठे जाणार नाही.

पुंजाजी म्हणाले, "खबर आली ना इवाई, तारेनं."

म्हटलं, त्या तारेत बेपत्ता लिहिलं आहे.

ते म्हणाले, "पोरगी बावीस वर्सांची हाय. तिनं कुटंवर दाराकडे पाहावं?"

म्हटलं, थोडंच राहिलं आहे. मी योग्य जागी आहे. याहून जास्त सांगता येत नाही, काम गुप्त आहे. पुंजाजी न जेवता गेले. बहुधा त्यांना पटलं.

२ मे
अजून शब्द सुटत नाहीत, पण भाव कळू लागला. आज साहेबांचा आवाज खोल आणि जड होता. फार दुःखाचं काही बोलत होते. बेपत्ता जवानांचंच असणार. घरी येऊन बायकोला, सुंदराबाईला, सांगितलं की वर चर्चा सुरू झाली आहे. ती भाकरी थापत राहिली.

३ मे
नत्थुजींना सहज विचारलं. म्हणाले, "काल? काल तं साहेब लय हसून राहिले होते. पेटी बारीक आवाज जाडा करते, जाडा बारीक."

म्हणजे नियम सापडला. आता उलट धरून ऐकायचं.

१४ मे
देवमनच्या कंपनीतला उकंडा घरी आला होता. कैदेतून सुटून आला आहे. शेजारच्या केशरबाई सर्किट हाउसच्या फाटकापर्यंत बोलवायला आल्या. "चाला ना, तो पोरगा खाटेवर बसून रडून राहिला."

लाइन चालू होती. साधा शिपाई, त्याला काय ठाऊक असणार? म्हटलं, बसवून ठेवा. ड्यूटी संपवून गेलो तेव्हा तो शेवटच्या गाडीनं अकोटला निघून गेला होता.

सुंदराबाई सांगू लागली. मी हात वर केला. ज्याला अधिकार नाही त्याचं ऐकायचं नाही, हा आमच्या खात्याचा नियम आहे. भागीरथानं कुंकू पुसलं होतं. लावून ये म्हटलं. ती आत गेली आणि लावून आली.

१९ मे
सुंदराबाईनं देवमनच्या नावानं पुण्यानुमोदन करायला विहारातल्या भन्तेजींना सांगून ठेवलं होतं. मी जाऊन नको म्हणून आलो. तेव्हापासून घरात कोणी बोलत नाही. शांतता बरी. कानाला विश्रांती मिळते.

३ जून
आज योग आला. साहेब दौऱ्यावर, नत्थुजी जेवायला गेलेले. किल्ली फिरवून छावणी मागितली. पलीकडचा आवाज अगदी स्वच्छ आला, कोणी तरुण मुलगा, आपल्याच भागातला. मी देवमनचं नाव, नंबर, कंपनी सांगितली. त्यानं दोनदा विचारलं, कोण बोलतं? म्हटलं, वडील.

तो म्हणाला, "बाबा, या फोनवर कोनाचं नाव नाई घेत. किती गेले, किती पायजे, तेवढंच बोलतात."

म्हटलं, मग त्या गेलेल्यांत तो आहे का, तेवढं पाहा.

तो म्हणाला, "ठेवा बाबा फोन. माई नोकरी जाईन."

ठेवला. नत्थुजी दारात उभे होते. ओरडतील असं वाटलं. त्यांनी फक्त किल्ली काढून खिशात टाकली.

४ जून
ड्यूटीवर गेलो नाही. सुंदराबाईला म्हटलं, उकंडाला बोलावून घेऊ. ती म्हणाली, "त्याले कायले बोलावता? सांगून गेला ना तो समदं. मले इचारा, मी सांगतो."

विचारलं.

देवमन खांद्यावर तारेचं रीळ घेऊन नदी उतरत होता. लाइन तुटली होती, जोडायला निघाला होता. गोळी पोटात लागली. फार वेळ गेला नाही. जमीन गोठलेली, खोदता येईना. उकंडानं आणि आणखी एकानं वर दगड रचले.

सुंदराबाई सांगत असताना भागीरथा चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं हे तीन आठवड्यांपूर्वीच ऐकलं होतं.

९ जून
काल पुण्यानुमोदन झालं. आज भागीरथाला घेऊन भातकुलीला गेलो. पुंजाजींना सांगितलं, माझी हरकत नाही, बडनेऱ्याला निरोप पाठवा.

पुंजाजींनी आधी मला बसायला सतरंजी टाकली. मग म्हणाले, "त्या गड्याचं लगन झालं, इवाई. वैशाखातच. तो तरी किती दिवस थांबन?"

त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

भागीरथा दारातच उभी होती. तिनं ऐकलं. मग आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घ्या मामाजी," म्हणाली. "उनातून आले."